कुमुदबाईंचा चेहरा

कुमुदबाई आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा मी पाट दिला, तर बसल्या नाहीत. खुर्ची दिली, तरी नाही. उंबऱ्याच्या आत उभं राहून त्यांनी माझी खोली अशी न्याहाळली, की मला वाटलं, बाई जाळीजळमटं पाहून राहिल्या. मग विचारलं, "तुमच्याकडे उजेड कुठून येतो?"

मी म्हटलं, "खिडकीतून येते, बाई. अजून कुठून येईल?"

त्यांनी खुर्ची स्वतःच उचलली, खिडकीच्या बाजूला नेली, जराशी तिरपी केली आणि बसल्या. बसल्या म्हणजे काय, कोणी देव मांडावा तशा मांडल्या गेल्या. पाठ सरळ, मान थोडी वर, उजवा गाल उजेडात. हातातला चहा निवून गेला तरी त्या हलल्या नाहीत. माझी सून स्वयंपाकघरातून मला खुणावत होती, या आजीला काही झालं तर नाही ना म्हणून.

आमच्या घरामागे दोन खोल्या रिकाम्या होत्या. त्या बघायला बाई आल्या आणि राहिल्याच. बरोबर एक ट्रंक, एक वेताची खुर्ची. आरसा नव्हता. मी म्हटलं, माझ्याकडे एक जास्तीचा पडला आहे, नेऊन लावा. तर म्हणाल्या, "नको गं सुलोचना. मला पाहणारे फार झाले. आता आरशाचं आणखी कौतुक कशाला." तेव्हापासून मी सुलोचना आणि त्या बाई. त्यांचं जेवणही मग माझ्याकडेच आलं. ते कोणी ठरवलं नाही. एक दिवस कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या नेऊन दिल्या, दुसऱ्या दिवशी डबा रिकामा धुऊन दारात ठेवलेला दिसला. रिकामा डबा कसा उचलून आणायचा, म्हणून मी भरून दिला. चालू झालं ते चालूच राहिलं.

आता त्या कोण, हे पवनीत नव्याने आलेल्या माणसाला सांगावं लागतं. जुन्या माणसाला नाही. इथून कोसभरावर एक गाव होतं, अर्धं आता धरणाच्या पाण्यात आहे. त्या गावच्या मालगुजाराची ही एकुलती एक लेक. तीन तलाव, धानाची एवढी जमीन की हत्तीवरून फिरलं तरी दिवस पुरायचा नाही, असं लोक म्हणतात. हत्ती त्यांच्याकडे कधी नव्हता, ते मी बाईंना विचारून घेतलं. नागपुरात त्यांचा बंगला होता, मुंबईत समुद्राकडे तोंड करून घर होतं. मोठमोठ्या लोकांत उठबस. आणि मुंबईतले चित्रकार, ज्यांच्या चित्रांना आता पेट्यांमध्ये कुलूप लावून ठेवतात म्हणे, ते सगळे या बाईला समोर बसवून चित्रं काढत. ती सगळी जमीन, तो बंगला, ते घर कुठं गेलं? काही कुळांकडे, काही पाण्याखाली, आणि बरंचसं त्या चित्रकारांच्या चुलीत. कोणाला राहायला जागा दिली, कोणाचं आजारपण काढलं, कोणाच्या चित्रांचं प्रदर्शन लावून दिलं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. मीच एकदा म्हटलं, "बाई, त्यातल्या एकानं तरी तुमचं एखादं चित्र तुम्हाला द्यायला नको होतं का?"

"त्यांचं काम पाहायचं होतं. माझं काम दिसायचं होतं. आपापलं काम झालं की घरी जायचं."

असं बोलायच्या. समोरच्याला पुढं काही बोलताच येऊ नये असं.

बसण्याची त्यांची सवय मात्र काही गेली नव्हती. लस टोचायला नर्सबाई आली तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायांनी काय आरडाओरडा केला. कुमुदबाई दंड उघडा करून बसल्या, सुई गेली, निघाली, यांची पापणी नाही हलली. नर्सबाई घाबरली. म्हणाली, "आजी, टोचलं जी. उठा आता." बाई म्हणाल्या, "उठ म्हणायच्या आधी उठायचं नसतं." गालावर माशी बसली तरी हाकलत नसत. मी हाकलायला गेले की हसत. "राहू दे, तिचंही काम चालू आहे."

पण कुमुदबाईंच्या आत एक बाई अजून होती, ती मी हळूहळू ओळखली. दुपारी त्या माझ्याकडे तांदूळ निवडायला येत. सूप मांडीवर घ्यायच्या, खडे काढता काढता त्यांची मान खाली यायची, खालचा ओठ सुटायचा, डावा गाल लोंबायचा. बोलणंही बदलायचं. मुंबईचं सगळं गळून पडायचं आणि आतून आमच्या झाडीपट्टीची बोली वर यायची. "काय माय, गंजच खडे आहेत या तांदळात. कोणत्या मिलचा आणला तुह्या पोरानं?" ती म्हातारी मला फार आवडायची. खरं सांगू, ती बाईसाहेब नव्हतीच. ती कोणाच्याही घरची आजी होती. पण दारात कोणी आलं, नुसती सावली पडली तरी, की मान वर, गाल वर, ओठ मिटलेले. म्हातारी गायब.

असाच तांदूळ निवडताना त्यांनी मला शारदेचं सांगितलं.

आमच्याकडे नवरात्रात शारदा बसते. वॉर्डावॉर्डात मंडळं, गावोगावी मंडळं. मूर्ती सगळ्या कुंभारपुऱ्यातून जातात. आतून तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, सांगाडा, त्यावर तलावाच्या गाळाची माती. बाईंच्या गावची शारदा त्यांच्या वडिलांच्या अंगणात बसायची आणि ती घडवायला सीताराम मूर्तिकार जायचा. बाई तेव्हा सतरा वर्षांची पोर. सीताराम ओसरीत माती मळत बसे आणि ही तिथंच झोपाळ्यावर. शेवटच्या दिवशी त्याने मूर्तीवरचं ओलं कापड काढलं, तर सगळं गाव एकदा मूर्तीकडे, एकदा झोपाळ्याकडे पाहू लागलं. शारदेला कुमुदचं तोंड होतं.

"मग? वडील रागावले?"

"रागावतील कायले? खूश झाले. फोटोग्राफर बोलावला भंडाऱ्याहून. मूर्ती एक दिवस जास्त ठेवली. गावच्या बाया आधी तिच्या पाया पडत आणि मग हसत हसत माझ्या."

आणि तिथंच चुकलं. हसत हसत जे झालं ते हसण्यावारी राहिलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात स्थळं यायला लागली. चांगली घरं, मालगुजाराच्या तोलाची. मुलगी पसंत, सगळं पसंत, आणि मग परत जाऊन निरोप यायचा की जमत नाही. कारण कोणी सांगेना. शेवटी एका मुलाच्या म्हाताऱ्या आईनं तोंडावर सांगितलं, "मालगुजारसाहेब, जिच्या पाया सारं गाव पडते, तिले उष्टी काढाले मी कशी सांगू? आन् माह्या पोरानं तिच्याकडे कोणत्या नजरेनं पाहायचं?"

झालं. बात गावोगावी गेली. देवीचा चेहरा घरात सून म्हणून कोणी आणेना. वडिलांनी सीतारामला बोलावून सांगितलं, त्या चेहऱ्याचा जो साचा काढून ठेवला आहेस, तो फोडून टाक. त्याने फोडला म्हणून सांगितलं. पण त्याच्या पोटाचं काय? लोकांना तोच चेहरा पाहिजे होता. पुढच्या नवरात्रात चारपाच गावांना तीच शारदा गेली, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. वडिलांनी मग पोरीला शिकायला नागपूरला पाठवलं आणि तिथून ती मुंबईला गेली. तिथं कोणी पाया पडत नव्हतं. तिथं नुसतं पाहत होते.

"विसर्जन पाह्यलं होतं तुम्ही?" मी विचारलं.

बाईंचा हात सुपात थांबला. "पाहू नको म्हणत होत्या सगळ्या. आत्यानं माझं तोंड पदरात दाबून धरलं. पण मी पाह्यलंच. पाणी आधी पायाले लागलं, मग कमरेले, मग ती मागे कलंडली आन् तोंडावरून पाणी गेलं. माह्या नाकात पाणी गेल्यासारखं झालं, सुलोचना. अजूनही दसरा झाला की मले दोन दिवस सर्दी होते." आणि हसल्या. ती सर्दी मी दरवर्षी पाहिलेली आहे.

एकदा नागपूरला चित्रांचं प्रदर्शन लागलं. पेपरात फोटो आला होता, माझा मुलगा म्हणाला, हे तर आपल्या आजीचं दिसते. बाई आधी नाही म्हणाल्या, मग सकाळी इस्त्रीची साडी नेसून दारात उभ्या. आम्ही दोघी एसटीनं गेलो. आत थंडगार, फरशी अशी की पाय घसरावा. मोठ्या भिंतीवर एकच चित्र. एक बाई पाण्याच्या काठावर बसलेली, पाठीवर केस, मान वर. चेहरा बघितला आणि माझे हात आपोआप जुळले. दर नवरात्रात जुळतात तसे. खाली पाटीवर चित्रकाराचं नाव मोठ्या अक्षरात, आणि चित्राचं नाव होतं, "झाडीतली स्त्री".

बाई चित्रापुढे उभ्या राहिल्या, दोरीच्या अगदी जवळ. एक पोरगा-पोरगी मोबाइल घेऊन आले. पोरगी म्हणाली, "आजी, जरा बाजूला व्हा ना. तुम्ही फोटोत येऊन राहिल्या."

बाई बाजूला झाल्या. मला राहवलं नाही. मी तिथल्या पहारेकऱ्याला म्हटलं, "भाऊ, हे चित्र या बाईंचं आहे."

तो म्हणाला, "विकत घेतलं का?"

"अहो, ही बाईच ती आहे. चित्रातली."

त्याने बाईंकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो. खुर्ची आणली. म्हणाला, "बसा आजी. उन्हातून आल्या ना. पाणी देऊ?"

परतीच्या एसटीत बाईंनी खिडकीची जागा घेतली. उमरेड गेल्यावर म्हणाल्या, "तो पहारेकरी चुकला नाही. ती मी नाहीच. मी तिची चौकीदार आहे."

त्यानंतरच्या नवरात्रापासून त्यांना दुसरं काही सुचेना. शारदेची गाडी गल्लीतून जायची, डीजे वाजायचा, पोरं नाचायची, आणि गुलालातून तो सतरा वर्षांचा चेहरा पुढं सरकायचा. बाई खिडकीच्या आड उभ्या राहून पाहत. एकदा म्हणाल्या, "दरवर्षी त्या पोरीले बुडवतात आन् दरवर्षी ती वर येते. तशीच्या तशी. मी मेली तरी कोणाले समजणार नाही, सुलोचना. कोणी म्हणन, कुठं मेली, ही काय बसली ना मंडपात. एकदा मले बुडवा म्हणा. हे तोंड. आता जे आहे ते. मग सुटीन मी."

मी म्हटलं, "बाई, भलतं काही बोलू नका." पण त्या भलतं बोलत नव्हत्या. पावसाळा लागला आणि त्या छत्री घेऊन कुंभारपुऱ्यात गेल्या. वाट चिखलाची, म्हणून मी सोबत गेले.

सीतारामचा मुलगा देवाजी आता साठीच्या पुढचा. खांद्यावर दुपट्टा, बोटं मातीनं फुटलेली. बाईंना पाहून ताडकन उठला. त्याने आयुष्यभर जिचं खाल्लं ती दारात आली होती. तिला कुठं बसवावं, हे त्याला समजेना. शेडमध्ये तणसाचे बिनडोक्याचे सांगाडे ओळीनं उभे होते आणि फळीवर साच्यातून काढलेले चेहरे वाळत होते. एकसारखे. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"देवाजी, मले माह्या आताच्या तोंडाची शारदा करून दे."

"आताच्या म्हणजे जी?"

"म्हातारी. ही."

तो घाबरला. "बाईसाहेब, म्हातारी शारदा कोणतं मंडळ घेईन जी?"

"मंडळाले कोण देऊन राहिलं? मी माह्या दारात बसवीन. दसऱ्याले वैनगंगेत नेऊन सोडायची, बस."

देवाजी बराच वेळ दुपट्ट्यानं हात पुसत राहिला. मग जे बोलला ते ऐकून मीच चकित झाले. "खरं सांगू का बाईसाहेब, मी चेहरा कधी घडवलाच नाही जी. बापानं एक घडवला, त्याचा साचा ठेवला. मी हात करतो, पाय करतो, वीणा करतो, लुगड्याच्या चुण्या करतो. तोंड म्हटलं की साच्यात माती दाबतो. हातानं तोंड कसं करतेत, मले येतच नाही."

बाई म्हणाल्या, "येते. मी बसतो ना तुह्यापुढे."

त्या दिवसापासून रोज दुपारी त्या तिथं जाऊन बसायच्या. मी मागून चहाचा थर्मास घेऊन जायचे. देवाजी पाटावर मातीचा गोळा ठेवी, बाईंकडे पाही, अंगठा चालवी. आणि रोज, रोज त्या गोळ्यातून तीच सतरा वर्षांची पोर निघायची. तो कपाळ बडवून घ्यायचा. "हातच तिकडे जाते जी. बोटांले दुसरं माहीतच नाही." गोळा मोडायचा, पुन्हा मळायचा. शेडच्या पत्र्यावर पाऊस वाजायचा.

मला आधी वाटलं, चूक देवाजीची. मग एक दिवस मी दारातून नीट पाहिलं. देवाजी मातीत खाली पाहत होता तेव्हा बाईंचा ओठ सुटलेला, गाल ओघळलेला. त्याने मान वर केली मात्र, बाईंची मान वर. गाल वर. डोळे दूर कुठंतरी. त्याच्यापुढे म्हातारी बसतच नव्हती. तो बिचारा जे दिसत होतं तेच करून राहिला होता.

घरी येताना मी त्यांना सांगितलं. चिखलात त्या थांबल्या.

"माहीत आहे मले," म्हणाल्या. "पाहणाऱ्याची नजर लागली की होते ते आपोआप. किती दिवसांपासून बंद करायले पाहून राहिली. होत नाही." छत्रीवरून पाणी पडत होतं. "मुंबईत एक चित्रकार होता. म्हणायचा, कुमुद, तू झोपलीस की मला तुझी भीती वाटते. मी विचारलं, काहून? तो म्हणाला, तेव्हा तू कोणाचीच नसतेस."

पुढं श्रावणातली एक दुपार आली. पाऊस उघडलेला, पण वारा नाही, शेडमध्ये मातीची वाफ. मी थर्मास घेऊन पोचले तेव्हा देवाजीनं तोंडावर बोट ठेवून मला दारातच थांबवलं. बाई वेताच्या खुर्चीत झोपी गेल्या होत्या. ती खुर्ची त्यांनी घरून नेली होती. मान एका खांद्यावर, तोंड उघडं, डाव्या गालाची घडी गळ्यापर्यंत आलेली. आणि देवाजीचे अंगठे. असे चालले होते की मी तसे कधी पाहिले नव्हते. आधी भीत भीत चालायचे, आता भीती नव्हती. तो मातीकडे पाहतच नव्हता. तिच्याकडेच पाहत होता. मी थर्मास तसाच धरून उभी राहिले. हात अवघडला होता, पण खाली ठेवला असता तर आवाज झाला असता.

झालं तेव्हा तो मागे सरकला आणि उकिडवा बसला. मी पाटाकडे पाहिलं. काय सांगू. ती सूप मांडीवर घेतलेली माझी म्हातारी होती. ओठाची ती कड, डोळ्याखालच्या त्या पिशव्या, हनुवटीखालचं ते सैल कातडं. देवी नव्हती, पण मला रडू आलं.

बाई जाग्या झाल्या. आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहून त्यांना समजलं. उठल्या, पाटापाशी आल्या. आधी वळून बघितलं, उजेड कुठून येतो ते. मग तो पाट दोन्ही हातांनी दाराकडे फिरवला.

देवाजीला राहवत नव्हतं. एखाद्या लहान पोरासारखा बोलला, "जमलं जी. माह्या हातानं पहिल्यांदा जमलं."

"हो," बाई म्हणाल्या. "जमलं."

किती वेळ पाहत होत्या ते मला सांगता यायचं नाही. मग त्यांनी अंगठा पुढे केला आणि त्या मातीच्या डाव्या गालावर ठेवला. मला वाटलं, गोंजारतात. अंगठा गालावरून हळूच वर गेला. गाल थोडा वर उचलला गेला. मग त्यांनी ओठाची कड वर घेतली. उघडं तोंड मिटवलं. डोळ्याखालची पिशवी दाबली. देवाजी म्हणाला, "राहू द्या जी. बाईसाहेब, राहू द्या ना." त्यांना ऐकू आलं नाही. दुसऱ्या गालाला हात घातला, पण ओली मातीच ती, किती सोसणार. एक बाजू वर गेली, दुसरी खचली. मधेच ते तोंड म्हातारीचंही राहिलं नाही आणि पोरीचंही नाही. भलतंच काही झालं, पाहवेना असं. तेव्हा त्यांनी तळहात ठेवला आणि सगळं खाली दाबून टाकलं.

"साच्यातलीच काढ, देवाजी," म्हणाल्या. "लोकांना तीच पाहिजे."

दारात जाऊन थांबल्या. आमच्याकडे पाठ होती.

"मलेही."

शेडबाहेरच्या बादलीत त्यांनी हात धुतले आणि छत्री तिथंच विसरून चालू लागल्या. मी मागे धावले. देवाजीला बघायला एकदा वळले, तर तो त्या दाबलेल्या गोळ्यापुढे बसलेला. मला म्हणाला, "माह्या बापानं एक तोंड केलं, त्यावर दोन पिढ्या जेवल्या, वहिनी. मी एक केलं, ते चहा थंड होईपर्यंत नाही टिकलं."

बाईंनी त्या संध्याकाळी डबा परत पाठवला, भरलेला. दुसऱ्या दिवशीही. ताप नव्हता, दुखत काही नव्हतं. डॉक्टर आला, अशक्तपणा म्हणाला, सलाईन लावून गेला. मी पेज करून चमच्यानं पाजायची, त्या दोन घोट घ्यायच्या माझ्या समाधानासाठी. भिंतीकडे तोंड करून पडायच्या. मी एकदा विचारलं, "बाई, चांगलं तर होतं ते तोंड. काहून मोडलं?" त्या भिंतीकडेच बोलल्या, "इतकी वर्षं मले वाटे, मले कोणी खरं पाह्यलं नाही. पाह्यलं असतं तर पळून गेले असते, हे मले ठाऊकच नव्हतं. मीच पळाली ना, सुलोचना." पोळ्याला चारपाच दिवस असताना, सकाळी, त्या गेल्या.

नवरात्र त्याही वर्षी आलंच. देवाजीनं साच्यातून चेहरे काढले, गाड्या भरून गेल्या. आमच्या गल्लीची शारदा बसली, मी दर्शनाला गेले नाही म्हणून सुनेनं विचारलं, मी गुडघ्याचं नाव सांगितलं. दसऱ्यानंतर ती पोरगी वाजतगाजत घाटावर गेली आणि पाण्याखाली गेली. पुढच्या वर्षी पुन्हा वर येईल.

पण मला बाई आठवतात त्या शेवटच्या. आम्ही गल्लीतल्या बायांनी त्यांना खाली काढलं, आंघोळ घातली. तोंड उघडं राहू नये म्हणून हनुवटीखालून पट्टी बांधली. आणि मरणानं काय केलं कोणास ठाऊक, सगळ्या सुरकुत्या हळूहळू ताणल्या गेल्या. गाल वर आले. मान आपोआप थोडी वर. खिडकीतून सकाळचा उजेड उजव्या गालावर. शेजारची कमला हातातला तांब्या तसाच धरून थांबली. "वो माय," म्हणाली, "ही तं आपली शारदा." इतकी वर्षं डोळ्यापुढं होत्या, कोणाला कधी दिसलं नव्हतं, ते आता दिसलं. एकेक करून सगळ्या बाया खाली वाकल्या आणि पायाला हात लावला. देवाजी अंगणात आला होता, त्याला मी म्हटलं, आत ये, पाहून घे. त्याने मान हलवली. "मी एकदा पाह्यलं, वहिनी. ते पुरे."

मी त्यांचे हात धुवायला घेतले, ते राहिले होते. बोटं सरळ करून एकेक पुसली. उजव्या अंगठ्याच्या नखात तलावाची काळी माती होती, वाळून घट्ट झालेली. कमला म्हणाली, "थांब, काडीनं काढून देतो."

मी म्हटलं, "राहू दे."

आणि तो अंगठा तेवढा धुतला नाही.